छातीच्या पेशंटला अँटिऑक्सिडंटची स्ट्रिप कशाला?

सोलापुरात हार्टचा नाहीतर दम्याचा, सीओपीडीचा (म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) पेशंट असला की त्याच्या चिठ्ठीत बऱ्याचदा सगळ्यात खाली एक नाव असतं, अँटिऑक्सिडंटचं. कधी कॅप्सूल, कधी पावडरचा डबा, कधी लायकोपिन, कधी व्हिटॅमिन ई, कधी झिंक, सेलेनियम, बीटा कॅरोटिन सगळं एकातच कोंबलेलं. मी बी.फार्म. केलंय आणि पूर्व भागात मेडिकल चालवते, त्यामुळे हे रोजच बघते. आणि मला स्पष्ट म्हणायचंय की हार्ट आणि फुप्फुसाच्या पेशंटला ही स्ट्रिप सरसकट लिहिणं बंद व्हायला पाहिजे. दुकानदाराला यात मार्जिन चांगलं सुटतं हे मला चांगलं माहितीये आणि तरीही म्हणतेय.

आमच्याकडे येणारे लोक कोण? विडी वळणाऱ्या बायका, मागावर काम करणारे, गिरण्या बंद पडल्यावर वॉचमन झालेले काका. दहा गोळ्यांची स्ट्रिप दीडशे-दोनशेला पडते. हजार विड्या वळल्यावर हातात जी मजुरी येते तिच्या आसपासच गेला की हा आकडा. मग होतं काय, तर सगळी चिठ्ठी परवडत नाही म्हणून श्वासाचा पंप, म्हणजे इनहेलर, पुढच्या महिन्यावर ढकलला जातो आणि ही स्ट्रिप मात्र घेतली जाते, कारण हिच्यानं ताकद येते असं कोणीतरी सांगितलेलं असतं आणि पंपाची सवय लागते असंही कोणीतरी सांगितलेलं असतं. दोन्ही चुकीचं. पण जीव यात जातो तो पंप न घेतल्यानं.

आता या स्ट्रिपमागची गोष्ट ऐकायला एकदम पटणारी आहे हे मान्य. शरीरात फ्री रॅडिकल नावाचे जहाल रेणू तयार होतात, ते पेशी खराब करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना मारतात, विषय संपला. ही काही थापा मारून रचलेली गोष्ट नाही, त्यामागं खरं सायन्स आहे. जास्तीचा ऑक्सिजन आणि रेडिएशन या दोन्हींचं विष एकाच जातीचं आहे हे रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्ये मांडलं, मग १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन म्हणाले की म्हातारपण येण्यामागंही हेच रॅडिकल असतील, १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम ओळखलं, म्हणजे शरीराकडे या रॅडिकलला आवरायला खास माणूस नेमलेला आहे हे कळलं, आणि १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे रॅडिकल जास्त आणि त्यांना आवरणारं कमी, ही कल्पना नीट मांडली. तिथपर्यंत सगळं बरोबरच होतं. गडबड त्यापुढं झाली, म्हणजे लॅबमधे नाही तर बाजारात. लॅब पुढं गेली आणि बाजार तिथंच थांबला.

लॅब कुठं गेली ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळा वाद त्यावरच आहे.

रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज, म्हणजे वर सांगितलेले ऑक्सिजनचे रॅडिकल आणि त्यांचे भाऊबंद, आपण आरओएस म्हणू, ही एक गोष्ट नाही. सुपरऑक्साइड आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, हायड्रॉक्सिल रॅडिकल आहे, आणि यांचे स्वभाव वेगळे. हायड्रॉक्सिल दिसेल त्याला चावतं. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र त्या मानानं शांत आहे, पेशीत थोडं अंतर जाऊ शकतं, आणि निवडक प्रोटीनच्या निवडक जागी, सिस्टिनच्या सल्फरवर, जाऊन बसतं आणि ते प्रोटीन चालू किंवा बंद करतं. नंतर ते बदल परत उलटवताही येतात. ही तर निरोप पोचवायची पद्धत झाली. १९९५ मध्ये टोरेन फिंकेल यांच्या लॅबनं दाखवलं की रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीला वाढीचा सिग्नल मिळतो तेव्हा पेशी स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि ते दाबून टाकलं तर सिग्नल पुढं जातच नाही.

आणि शरीर हे चुकून बनवत नाही, त्यासाठी आख्खी एन्झाइमची फॅमिली ठेवलेली आहे, नॉक्स म्हणतात तिला. यातलं नॉक्स-२ आपल्या पांढऱ्या पेशींमधे असतं आणि जंतू मारायला सुपरऑक्साइड तयार करतं. ज्या मुलांमधे जन्मतःच हे एन्झाइम बिघडलेलं असतं त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो, म्हणजे परत परत फुप्फुसात, लिव्हरमधे, हाडात इन्फेक्शन, साध्या बुरशीनंसुद्धा जिवावर बेतावं असं. फ्री रॅडिकल कमी म्हणजे तब्येत चांगली असं असतं तर ही लेकरं सगळ्यात धडधाकट असायला हवी होती.

हार्टमधे नॉक्स-४ आहे. त्याच्यावर २०१० मध्ये दोन लॅबनी जवळजवळ उलटी उत्तरं दिली, एकीत नॉक्स-४ काढल्यावर प्रेशरच्या भाराखाली उंदरांचं हृदय जास्त बिघडलं आणि दुसरीत कमी बिघडलं. म्हणजे तेच एन्झाइम कुठं, किती, कुठल्या वेळी चालतं त्यावर ते वाचवतं की मारतं हे ठरतं. फुप्फुसाचं तर अजून भारी आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जातात आणि रक्त चांगल्या भागाकडं वळतं, ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्येच हे मांजरांमधे दाखवलेलं. ऑक्सिजन कमी झालाय हे वाहिनीला कळतं कसं, यात मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, निघणाऱ्या आरओएसचा हात आहे, ते वाढतं की कमी होतं यावर अजून भांडणं चालू आहेत पण निरोप्याचं काम त्याच्याकडं आहे एवढं नक्की.

मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कोणी म्हणालं की या थांबण्यानं प्रॉडक्शन बुडतंय आणि थांबवणारी पट्टीच काढून टाकली तर माग चालत राहील, पण खाली जे कापड निघेल ते कोणी घेणार नाही. अँटिऑक्सिडंटचा मारा करून आपण नेमकी ती पट्टी काढायला निघालोय असं मला वाटतं, कारण शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणासुद्धा आरओएसच्या निरोपावरच जागी होते. एनआरएफ-२ नावाचं प्रोटीन कीप-१ नावाच्या प्रोटीननं धरून ठेवलेलं असतं, आरओएस वाढलं की कीप-१ची पकड सुटते आणि एनआरएफ-२ जाऊन बचावाची जीन्स चालू करतं. जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या ग्रुपनं हे उलगडलं. जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या टीमनं २००९ मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना सोबत व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट रोज दिलं. ज्यांना व्हिटॅमिन दिलं नाही त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारलं, ज्यांना दिलं त्यांच्यात व्यायामाचा हा फायदाच उडाला. व्यायामाचा निरोप व्हिटॅमिननं मधेच गिळला.

मग आजारात आरओएस नुकसान करत नाही का? करतं की, भरपूर करतं. मी ते नाकारत नाहीये, उलट ते नीट समजून घ्या म्हणतेय. १९९४ मध्ये कॅथी ग्रीन्डलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अँजिओटेन्सिन-२ हे बीपी वाढवणारं हार्मोन रक्तवाहिनीतलं नॉक्स चालू करतं. त्यातून सुपरऑक्साइड निघतं आणि ते नायट्रिक ऑक्साइडला पकडतं. हे नायट्रिक ऑक्साइड म्हणजे वाहिनी सैल ठेवणारा वायू, ज्याच्या या कामाच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. दोघं भेटले की पेरॉक्सीनायट्राइट नावाचं जहाल रसायन होतं आणि वाहिनी आवळलेली ती आवळलेलीच राहते. वर्षानुवर्षं हे चाललं की ब्लॉकेज, हार्ट फेल्युअर.

इथं एक केमिस्ट्री लक्षात घ्या, स्ट्रिप का चालत नाही याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइडची रिॲक्शन इतकी वेगात होते की व्हिटॅमिन सी त्याच सुपरऑक्साइडला पकडायला जातं त्याच्या हजारो पटीनं हा वेग जास्त भरतो. तुम्ही गोळी कितीही गिळा, ती त्या जागी, त्या क्षणाला, तेवढ्या प्रमाणात पोचूच शकत नाही, आणि जिथं पोचते तिथं कामाचे निरोप बुडवते.

फुप्फुसात काय होतं तर विडीचा, चुलीचा धूर आत गेला की धुरातले रॅडिकल थेट तर असतातच, सिगारेटच्या एका झुरक्याच्या वायूत १ वर १५ शून्यं इतके रॅडिकल असतात असं मोजलेलं आहे, पण त्याहून वाईट म्हणजे हा धूर मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतो आणि मग त्या पेशी स्वतःचं नॉक्स चालू करून आतूनच आग लावत राहतात, विडी सोडल्यावरही काही वर्षं. यात एक गोष्ट आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पंपवाल्याला कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. स्टेरॉइडचा पंप सूज कमी करतो तो एचडॅक-२ नावाच्या एन्झाइमच्या मदतीनं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळं सीओपीडीच्या फुप्फुसात हे एन्झाइम कमी पडतं, लंडनच्या पीटर बार्न्स यांच्या ग्रुपनं २००५ मध्ये हे पेशंटच्या फुप्फुसातून दाखवलं. म्हणजे विडी ओढत ओढत पंप घेणाऱ्या माणसाचा पंपच विडी बोथट करत असते. आणि पुढं फुप्फुसातल्या वाहिन्या कायमच्या जाड झाल्या की उजव्या बाजूचं हृदय थकतं, पायाला सूज येते, घरचे म्हणतात आता हार्टचा पण प्रॉब्लेम निघाला. वेगळा नाही निघाला. त्याच धुराचा पुढचा मुक्काम आहे तो.

आता ट्रायलचं बोलू, कारण माझं म्हणणं ऐकू नका, पण एवढ्या हजारो माणसांवर काय झालं ते तरी बघा.

फिनलंडमधे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ई तपासलं. १९९४ मध्ये रिझल्ट आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमधे फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. सगळे हादरले. अमेरिकेत तसाच एक ट्रायल चालू होता, धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसमधे काम केलेले १८,३१४ लोक, बीटा कॅरोटिन सोबत व्हिटॅमिन ए, तो १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला कारण कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसले. आणि हेच बीटा कॅरोटिन आपल्याकडच्या कितीतरी कॅप्सूलमधे आहे आणि ते विडी ओढणाऱ्या माणसाला फुप्फुसासाठी चांगलं म्हणून दिलं जातं. आपल्या कॅप्सूलमधे डोस कमी असतो असं उत्तर मला मिळतं. असेल कमी. पण ज्या औषधाचा मोठ्या डोसला तोटा दिसलाय आणि छोट्या डोसला या आजारात फायदा सिद्ध नाही ते विडीवाल्याला द्यायचं कारण काय, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

हार्टचा पुरावा तर इतका सुंदर आहे की फार्मसीच्या पोरांना शिकवायला पाहिजे. २००० साली होप नावाचा ट्रायल छापून आला, सलीम युसूफ यांनी केलेला, केरळातून गेलेले आणि कॅनडात काम करणारे. नऊ हजारांहून जास्त पेशंट, आणि एकाच ट्रायलमधे दोन गोष्टी तपासल्या, रॅमिप्रिल ही बीपीची गोळी आणि व्हिटॅमिन ई. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन-२ तयारच होऊ देत नाही, म्हणजे नॉक्स चालू करणारं बटणच दाबलं जात नाही, आणि व्हिटॅमिन ई काय करतं तर तयार झालेले रॅडिकल पुसायला जातं. रॅमिप्रिलनं हार्ट ॲटॅक, स्ट्रोक आणि हार्टचे मृत्यू मिळून २२ टक्क्यांनी कमी केले. व्हिटॅमिन ईनं काहीच केलं नाही, आणि त्याच लोकांना पुढं अजून काही वर्षं बघितलं तेव्हा, २००५ मध्ये, व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमधे हार्ट फेल्युअर वाढलेलं दिसलं. रॅमिप्रिलचा फायदा फक्त नॉक्सच्या वाटेनं आला असं मी म्हणत नाही, बीपी आहे, बाकी कारणं आहेत. तरी एकाच ट्रायलमधे उगमाशी अडवणारं जिंकलं आणि नंतर पुसणारं हरलं हे चित्र डोळ्यांसमोर आहे. २००२ मध्ये ब्रिटनमधे २०,५३६ लोकांवर परत तसंच झालं, सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं जीव वाचवले, आणि त्याच ट्रायलमधला व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटिनचा रोजचा डोस पाच वर्षं घेऊनही कशालाच उपयोगी पडला नाही.

दुसरी बाजूही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. एन-ॲसिटिलसिस्टिन, आपलं पाण्यात विरघळणारं एनएसी, चीनमधे २०१४च्या एका मोठ्या ट्रायलमधे दिवसाला ६०० मिलिग्रॅम दोनदा दिल्यावर सीओपीडीचे झटके कमी झाले होते. पण त्याआधी युरोपात २००५ मध्ये ६०० एकदा देऊन फुप्फुसाची घसरण थांबली नव्हती आणि पल्मोनरी फायब्रोसिसमधे, म्हणजे फुप्फुस कडक होण्याच्या आजारात, २०१४ मध्येच ते निरुपयोगी ठरलं. शिवाय ते कफ पातळ करणारं औषध आहे, त्यामुळे छातीच्या डॉक्टरनं विचार करून, विशिष्ट पेशंटला, विशिष्ट डोसनं लिहिलं तर माझा काही आक्षेप नाही. ज्याच्या अंगात खरंच एखाद्या व्हिटॅमिनची कमतरता आहे त्याची कमतरता भरून काढणं हाही पूर्ण वेगळा विषय. माझा आक्षेप आहे तो सरसकट, कायमचं, हार्ट आणि फुप्फुसासाठी म्हणून चालणाऱ्या मिक्स कॅप्सूलला.

आणि डाळिंब? हे विचारणारे पण भेटतातच, सोलापूर आहे शेवटी, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे आणि आपल्या डाळिंबाला जीआय टॅग आहे. डाळिंब खावा, आवर्जून खावा, मोहोळ-सांगोल्याच्या शेतकऱ्याचे दोन पैसे होतील आणि फळ म्हणून ते चांगलंच आहे. पण डाळिंबाचा अर्क कॅप्सूलमधे भरून ब्लॉकेज जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडं ट्रायल मागा.

नातेवाइकांचा अजून एक हट्ट असतो तो पण याच रांगेतला. छातीत दुखतंय म्हणून ॲडमिट केलं की ऑक्सिजन लावा ऑक्सिजन लावा. ऑक्सिजनची पातळी चांगली असताना तो लावून हार्ट ॲटॅकमधे फायदा होत नाही हे स्वीडनमधे ६,६२९ पेशंटवर तपासून २०१७ मध्ये सांगितलंय, आणि सीओपीडीच्या पेशंटला तर मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांवरच ठेवतात, जास्त दिला तर त्याचा श्वासच मंदावू शकतो. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला नसेल तर त्यांच्याशी भांडू नका.

आता मूळ मुद्द्यावर येते. आरओएसचं सायन्स आपल्याला एकच गोष्ट सांगतंय की बटण कुठं दाबलं जातंय ते बघा. आणि सोलापुरात हे बटण कुठं दाबलं जातं हे शोधायला मायक्रोस्कोप लागत नाही. विडी आहे. ओढणाऱ्याचं तर झालंच, पण वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ती बारीक धूळ दिवसभर नाकात, शेजारी लेकरू खेळतंय किंवा अभ्यास करतंय. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या ब्लो रूम आणि कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या-विंचरायच्या, खात्यात राबलेल्या पिढीनं कापसाची धूळ खाल्ली. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि मग हळूहळू रोजचीच होते, बिसिनोसिस म्हणतात त्याला. कापसाच्या धुळीत जंतूंचं एंडोटॉक्सिन असतं आणि ते फुप्फुसातल्या पेशींना तसंच चेतवतं, वर नॉक्सचं सांगितलं तसं. यंत्रमागाच्या शेडमधे धूळ त्यापेक्षा कमी असेल, पण पत्र्याची शेड, बंद खिडक्या, बारा तासांची पाळी. मग उकरून ठेवलेले रस्ते, डिझेलच्या गाड्या, ऊसतोड झाली की शिवारात पेटवलेलं पाचट, महागड्या सिलिंडरमुळं परत पेटलेल्या चुली. केंद्रानं २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा कार्यक्रम काढला तेव्हा हवेच्या शुद्धतेचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून सोलापूरचं नाव होतं, आणि ते उगाच नव्हतं.

उगमाशी अडवल्यानं फरक पडतो याचा पुरावा रस्त्याचाही आहे. एडिनबराच्या डेव्हिड न्यूबी यांच्या ग्रुपनं स्वीडनच्या संशोधकांसोबत, आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना डिझेलच्या पातळ केलेल्या धुरात तासभर ठेवलं, मधेमधे सायकल मारायला लावली, ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा वाढलेल्या दिसल्या, २००७ची गोष्ट. मग २०११ मध्ये त्यांनी निरोगी माणसांवर बघितलं की धूर सोडणाऱ्या इंजिनालाच कण अडवणारा फिल्टर बसवला तर काय होतं. वाहिन्यांवरचा आणि रक्त गोठण्यावरचा वाईट परिणाम गेला. माणसाच्या पोटात काहीही न घालता. फिल्टर इंजिनाला बसवला आणि फायदा काळजाला झाला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे.

यावर एक खरा आणि जड आक्षेप आहे, तो टाळता येत नाही. विडी बंद म्हणजे पूर्व भागातल्या हजारो घरांची चूल बंद. विडी घरकुल बघा, रे नगर बघा, कामगारांच्या या वसाहतींमधली ही घरं त्या हातांच्या जोरावर मागून, लढून मिळवलेली आहेत, आणि आमच्या गल्लीत असं घर क्वचितच जिथं कोणी ना कोणी विडी वळलेली नाही. म्हणून मी विडी उद्या बंद करा असं म्हणत नाही. पण विडी कामगारांच्या कल्याणासाठी जो सेस गोळा व्हायचा आणि ज्यातून त्यांचे दवाखाने चालायचे तो जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये संपला, त्या बदल्यात त्यांच्या फुप्फुसाची जबाबदारी कोणी घेतली हे विचारायचा अधिकार त्या बायकांना आहे. तंबाखू घरात न नेता हवेशीर जागी एकत्र बसून वळायची सोय, नाकाला नीट मास्क, पोरींना दुसरं काम शिकायची संधी, आणि ज्यांनी वीस-तीस वर्षं हे केलंय त्यांची तपासणी, यातलं काहीच अशक्य नाही.

तपासणीचं तर मी हात जोडून सांगते. सीओपीडी आहे की दमा हे फुंकून बघायच्या मशीननं, स्पायरोमेट्रीनं ठरतं. बीपी मोजल्याशिवाय कोणी बीपीची गोळी देत नाही, पण छातीच्या बाबतीत फुंकून न बघताच वर्षानुवर्षं दमा म्हणून औषध घेणारे लोक मी बघते. विडी न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी होत नाही असं अजून समजलं जातं. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्येच लिहून ठेवलंय की धूम्रपान न करणाऱ्यांमधली सीओपीडी ही जगात मोठी गोष्ट आहे आणि चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण आहे. भारतात मृत्यूच्या कारणांमधे २०१६च्या अभ्यासात पहिला नंबर हृदयविकाराचा आणि दुसरा सीओपीडीचा होता. आणि यातल्या दुसऱ्या नंबरच्या आजाराचं मशीन वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात ठेवायला आपण मागणीसुद्धा करत नाही, सिव्हिलला जाऊन या म्हणतो. सिव्हिलला जायचं म्हणजे त्या बाईचा अर्धा दिवस मोडतो.

स्ट्रिपचं कायद्याचं अंग पण लोकांना माहीत हवं. यातल्या बऱ्याच कॅप्सूल औषध म्हणून नसतात, अन्न म्हणून विकल्या जातात. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर असेल तर ती वस्तू कायद्यानं खाण्याच्या खात्यातली. तिला औषधासारखे ट्रायल द्यावे लागत नाहीत, औषधाच्या किमतीवरचं नियंत्रण तिला लागत नाही, आणि म्हणूनच ती महाग असते. आणि अशा वस्तूनं आजार बरा होतो असा दावा करायला बंदी आहे, २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पाकिटावर दावा नसतोच, दावा तोंडी होतो. चिठ्ठीत औषधांच्या रांगेत ती लिहिली की पेशंट तिला औषधच समजतो, त्याला वेगळं सांगावं लागतच नाही.

डॉक्टर मंडळींवर माझा राग नाही, रोज शंभर पेशंट बघणारा माणूस प्रत्येकाशी ताकदीच्या गोळीवरून वाद घालत बसू शकत नाही आणि पेशंटही मागतातच, गोळी नाही दिली तर डॉक्टरला काही कळत नाही म्हणणारे आहेत. तरी सोलापूरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं एकदा बसून ठरवावं की विडी ओढणाऱ्याला बीटा कॅरोटिन लिहायचं नाही, आणि जी वस्तू अन्नाच्या लायसन्सवर आहे ती चिठ्ठीत वेगळी, रेघेखाली, परवडली तरच असं मराठीत लिहून द्यायची. कापायची वेळ आली तर काय कापायचं नाही हे पण लिहा, पंप, रॅमिप्रिल, स्टॅटिन, ॲस्पिरिन जे काही त्या पेशंटला लागतं ते. आम्ही मेडिकलवाल्यांनी काउंटरवर एवढं सांगायचं की पैसे कमी असतील तर आधी वरची औषधं घ्या, आणि पंप कसा ओढायचा ते पेशंटकडून एकदा समोर करून घ्यायचं, कारण चुकीच्या पद्धतीनं मारलेला पंप घशातच राहतो. आणि महापालिकेनं स्वच्छ हवेच्या पैशाचा हिशोब वॉर्डावार लावावा, हवा पूर्व भागात मागांच्या गल्लीत आणि शाळांजवळ मोजावी, एमआयडीसीतल्या आणि वस्तीतल्या शेडना धूळ ओढून घेणारे पंखे बसवायला मदत द्यावी, आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात एक स्पायरोमीटर आणि ते चालवायला शिकवलेली एक सिस्टर द्यावी. येत्या बजेटच्या चर्चेत कुठल्या नगरसेवकानं हा शेवटचा मुद्दा मांडला तर त्यांना लागणारी सगळी माहिती मी काढून द्यायला तयार आहे.